बंपरला राख

तुळशीचं लग्न लागलं की सुरतेत माणसांच्या लग्नांना ऊत येतो. मग कमूरतां बसेपर्यंत, म्हणजे मुहूर्त बंद होईपर्यंत, या शहराला श्वास घ्यायला सवड नसते. आमच्या गोडादऱ्यात तर रस्ता अडवूनच मांडव टाकतात. रिक्षावाले शिव्या देत मागे फिरतात, सकाळी आठपासून उंधियुंच्या पातेल्याला डाव लागतो, कोपऱ्यावर कोवळ्या ज्वारीचा पोंक विकायला बसतात, आणि डीजेच्या दणक्यानं खिडकीच्या काचा थरथरतात. लोकांना हे दिवस आवडतात. मला आवडत नाहीत. मी तोंडाला ओढणी घट्ट बांधते आणि वरातीच्या कडेकडेनं स्कूटी काढते. तरीही नजर जायची तिथे जातेच. बाकीच्या बायका नवरदेवाचा फेटा बघतात, मी फुलांनी सजवलेल्या गाडीचा मागचा बंपर बघते.

मागच्या आठवड्यात तीच गाडी दिसली. मलई रंगाची, दोन रिक्षा एकापुढे एक लावाव्यात एवढी लांब, परदेशी, माझ्या वडिलांच्याही आधी जन्मलेली. नाक्यावर वरात अडकली होती आणि तिच्या मागे मी. बंपर लखलखत होता. कुणीतरी त्यावर नव्यानं क्रोम चढवून घेतलं होतं, एक ओरखडा म्हणून नव्हता. मी बघतच राहिले. मागून हॉर्न वाजला आणि कुणीतरी ओरडलं, ‘ओ बेन, हालो ने!’

बेन. म्हणजे ताई. गुजरातेत राहणाऱ्या बाईला हा शब्द दिवसातून किती वेळा ऐकावा लागतो! भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथला शिपाईही म्हणतो. वैशालीबेन, सही. वैशालीबेन, चा. चांगलाच शब्द आहे, मानाचा आहे. फक्त एका माणसाच्या तोंडून तो मला सोसत नाही, आणि त्या माणसाला तो मीच शिकवला.

त्या हिवाळ्यात मी बावीस वर्षांची होते आणि डोक्यात वारं शिरलेलं होतं. खोटं कशाला बोलू? कनुशेठच्या गॅरेजात मला नोकरी लागली होती. कनुशेठ लग्नाला गाड्या भाड्यानं देत. मी आणि हेतल नावाची माझ्याच वयाची मुलगी, आम्ही दोघी काचेच्या केबिनमध्ये बसून बुकिंग घ्यायचो. केबिनला एसी होता. आमच्या गल्लीत एसीत बसून काम करणारी मी पहिलीच. आई शेजारणींना सांगायची, ‘आमनी वैशूले घाम येत नही.’ मला तेवढ्यानंही धन्य वाटत होतं.

माझे वडील, अण्णा, अमळनेरकडच्या खेड्यातून इथे आले ते लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. तीन दशकं संचे चालवले त्यांनी. कधी त्या खात्यात गेला असाल तर ठाऊक असेल, आत गेल्यावर आपलाच आवाज आपल्याला सापडत नाही. तिथली माणसं हातांनी बोलतात. बोट ओठाला लावलं की चहा, मनगटावर टिचकी मारली की सुट्टीला किती वेळ, मूठ हलवली की मालक आला. अण्णांचे कान त्यातच गेले. अगदी ठार नाही, पण मोठ्यानं बोललेल्या वाक्यातला एखादाच शब्द हाती लागायचा. आई त्यांच्याशी बोलायची ती आधी बाही ओढून, मग समोर उभं राहून. आणि मी स्कूटीवरून आले की माझी बांधलेली ओढणी बघून ते पहिलं वाक्य म्हणायचे, ‘तोंड सोड, मंग बोल.’ मला वाटायचं, त्यांना ओढणी बांधायची ती फॅशन आवडत नाही. जुनी माणसं, म्हणून मी हसायचे.

खातं बंद पडलं. मालकानं संचे विकले आणि जागेवर दुसरंच काही उभं केलं. अण्णा ओट्यावर बसून राहू लागले. हात मांडीवर ठेवले तरी बोटं चालायची, तुटलेला धागा जोडल्यासारखी. ते मला बघवेना. म्हणून कनुशेठ एके दिवशी म्हणाले की जुन्या गाडीच्या क्रोमवर हात फिरवायला कुणी सबुरीचा माणूस हवा, तेव्हा मी पटकन बोलून गेले, ‘एक काका छे.’

‘तमारा शुं थाय?’ शेठनी विचारलं. तुमचे कोण लागतात?

‘गामना छे,’ मी म्हणाले. गावचे आहेत.

आता सांगते का म्हणाले ते. हेतलला मी आधीच सांगून बसले होते की माझे वडील टेक्सटाइलमध्ये आहेत. सुरतेत टेक्सटाइलमध्ये म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. दहा दुकानांचा मालकही टेक्सटाइलमध्ये आणि गोणी वाहणाराही टेक्सटाइलमध्ये. त्या शब्दाच्या आडोशाला मी मजेत बसले होते. तिथून उठायची माझी तयारी नव्हती.

घरी येऊन मी अण्णांना समजावलं. समोर बसून, हातवारे करून. तिथे मला पोरगी म्हणायचं नाही. आणि ‘माय’ तर मुळीच म्हणायचं नाही. आमच्याकडे बाप लेकीला लाडानं ‘माय’ म्हणतो. काय व माय, ये व माय, जेवनी का व माय. गुजरातीत ते कसं दिसेल?

‘मंग काय म्हणू व माय?’ अण्णांनी हसत विचारलं.

‘बेन म्हणा. सगळे म्हणतात.’

त्यांना त्याची गंमतच वाटली. दुसऱ्या दिवशी स्कूटीच्या मागे बसून ते घोकत होते, वैशालीबेन, वैशालीबेन, वैशालीबेन, आणि मधेच खुदकन हसत होते. गॅरेजच्या अलीकडे एक वळण आहे, पिंपळाखाली पंक्चरवाला बसतो तिथे. मी त्यांना त्या वळणावर उतरवायचे आणि पुढे एकटी जायचे. पाच मिनिटांनी ते चालत यायचे. संध्याकाळी पुन्हा त्याच वळणावरून बसवायचे. हे रोज. एकदाही त्यांनी विचारलं नाही, की बाई गं, हे कशासाठी?

पण काम! काय सांगू त्या माणसाच्या कामाचं! मी काचेआडून चोरून बघत बसायचे. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्यापुढे साडीच्या चिंध्यांचं पोतं टाकलं. अण्णांनी एकेक चिंधी दोन बोटांत चोळली आणि बाजूला टाकली. पॉलिस्टर, पॉलिस्टर, हेही पॉलिस्टर. पाणी पीत नाही आणि चकाकीला ओरखडे काढते. सुरतेत कापडाचे डोंगर आहेत, पण पुसायला हातभर सुती फडकं मिळेना. दुसऱ्या दिवशी ते आईचं जुनं लुगडं फाडून घेऊन आले, मऊसूत झालेलं, आणि आपली दोन बनियनं. आधी नुसत्या पाण्यानं धूळ उतरवायची, कारण धुळीसकट घासलं तर धूळच क्रोम खाते. मग साबणाचं पाणी. गंजाच्या ठिपक्यांवर चमचमता कागद ओला करून हलक्या हातानं फिरवायचा, तोच तो, ज्यात पोळ्या गुंडाळतात. जाळीच्या फटीत दात घासायचा जुना ब्रश. मग पॉलिश, तेही बोटाच्या टोकाला येईल तेवढंच. शेवटी बनियनचं कोरडं फडकं, गोल गोल, जोर न लावता. चाकाची एक टोपी करायला सकाळ जायची. कनुशेठला घाई, पण टोपी बघितली की ते गप्प बसायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हेतल बाहेर गेली होती. अण्णांनी मला खुणेनं बोलावलं. पुढचा बंपर झाला होता. ‘देख,’ ते म्हणाले, ‘बठ्ठं दिसस.’ बठ्ठं म्हणजे सगळं. खरंच सगळं दिसत होतं. छताचे पत्रे, ट्यूबलाइट, दाराबाहेरचा रस्ता, आणि मधोमध आम्ही दोघं, गाल फुगलेले, पाय आखूड, एकमेकांना चिकटून. अण्णांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. बंपरमधल्या मुलीचं डोकं हललं. तेवढ्यात दारात चप्पल वाजली आणि मी दोन पावलं बाजूला सरकले. बंपरमध्येही सरकले. ते त्यांना दिसलंच असणार, बठ्ठं दिसत होतं ना!

तरी पुढे जे झालं त्यापुढे हे काहीच नाही.

बेन म्हणायचं अण्णा रोज विसरायचे. ‘माय’ म्हणून जायचे, मग जीभ चावायचे. मी डोळे वटारायचे. तीन आठवडे असेच गेले. त्या दिवशी संध्याकाळी गाडी मोठ्या लग्नात जायची होती. तिची मागची बाजू आमच्या केबिनकडे होती. मागच्या बंपरचं क्रोम फार जुनं, झिजून कागदासारखं पातळ झालेलं. कनुशेठ फोन कानाला लावून, तोंडात मावा धरून, अण्णांकडे पाठ करून उभे होते. जाता जाता खांद्यावरून ओरडले, ‘पाछळनुं बम्पर एम ज राख!’

मागचा बंपर आहे तसाच राहू दे. गुजरातीत राख म्हणजे ठेव. केबिनचं दार उघडं होतं, मला स्वच्छ ऐकू आलं. अण्णांना आला तो शेवटचा एकच शब्द. आणि तो शब्द त्यांना आपला वाटला. गावाकडे पितळेचा हंडा राखेनंच उजळायचा, तांब्याची घंगाळी राखेनंच. शेठला काम कळतं, असंच वाटलं असेल त्यांना. सगळ्या सुरतेत ही चूक फक्त आमच्याच माणसाकडून व्हावी, तीही लूमनं कान नेलेल्या.

शेठ निघून गेले. अण्णा केबिनच्या खिडकीशी आले. आत एक पार्टी बसली होती, नवऱ्या मुलाचे काका आणि त्यांची सून, अंगावर सोनं. शेजारी हेतल. अण्णांनी काचेवर टकटक केलं, मी फट उघडली, आणि ते ठसक्यात, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, ‘राख कोठे भेटी व माय?’

हेतल फिस्सकन हसली. ‘माय? ए तमने माय केम कहे?’

‘टेव छे. गामडाना माणस,’ मी म्हणाले. सवय आहे, खेड्यातली माणसं.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मला कळलं होतं. अण्णांच्या तोंडून ‘राख’ ऐकताक्षणी कळलं होतं, की शेठ काय म्हणाले आणि यांनी काय ऐकलं. दोन शब्दांचं काम होतं. नका लावू. पण ते दोन शब्द त्यांना कळायचे तर मला उठून त्यांच्यासमोर जावं लागलं असतं, बाही ओढून, अहिराणीत, घरच्यासारखे हातवारे करून. सोन्यानं मढलेली सून बघत होती. हेतल बघत होती. मला फक्त एवढंच हवं होतं की हा माणूस खिडकीतून जावा. मी बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘बहार चावाळाने पूछो.’ बाहेर चहावाल्याला विचारा. आणि खिडकीची फट बंद केली.

चहावाल्याच्या शेगडीत दगडी कोळसा. आमच्या चुलीची मऊ राख आणि ती राख यात जमीन अस्मानाचा फरक. कागदाच्या पुडीत अण्णा ती घेऊन आले. लुगड्याचं फडकं ओलं केलं, चिमूट घेतली आणि घासायला लागले. मी पार्टीला गाड्यांचे फोटो दाखवत होते. आ जुओ, आ पण सारी छे. काचेपलीकडे त्यांचा उजवा हात गोल फिरत होता, माझ्या डोळ्यांच्या कडेला. मी मान वळवली नाही. पार्टी गेली, तेव्हाही उठता आलं असतं. मी रजिस्टर उघडलं आणि काहीतरी लिहीत बसले.

शेठ परत आले तेव्हा बंपर आंधळा झाला होता. बारीक बारीक गोल चरे, आणि डाव्या कोपऱ्याशी क्रोम सोलून निघून खालचं पिवळं उघडं पडलेलं. अण्णा त्या कोपऱ्यावर बनियन धरून बसले होते, जखमेवर धरावं तसं. शेठ ओरडले, काय काय ओरडले ते सोडून द्या. अण्णा पुडी दाखवत होते, राख, राख, म्हणत होते. शेठ तरातरा केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं आणि माझ्यापुढे उभे राहिले. ‘राख लेवा कोणे मोकल्यो एने? आ तमारा थाय शुं, साचुं बोलो!’ कुणी पाठवलं याला? आणि हा तुमचा लागतो कोण, खरं बोला.

माझ्या समोर शेठ, शेठच्या मागे काच, काचेच्या मागे अण्णा. उभे होते, कोपरापर्यंत राखाडी हात, माझ्याकडे बघत.

‘मने शुं खबर?’ मी म्हणाले. ‘मारे एमनी साथे कंई लेवादेवा नथी.’

मला काय माहीत? माझा यांच्याशी काही संबंध नाही.

अण्णांनी नजर खाली केली. मला वाटलं, बंपरकडे बघतायत. मनातल्या मनात मी देवाचे आभार मानले. दार बंद, एसी चालू, आणि कान तर लूमनं नेलेले. नाही ऐकलं त्यांनी. एवढ्या एका गोष्टीवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. निदान त्यांनी ऐकलं नाही.

शेठ बाहेर गेले आणि म्हणाले, ‘काले नी आवतो.’ उद्या येऊ नकोस. अण्णांनी राखेचे हात जोडले. ‘मनी चूक शे, शेट. बेनले काही म्हाईत नही. बेननी चूक नही.’ तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी तो शब्द न अडखळता उच्चारला. मग फडकी गोळा केली, घडी घातली, आणि गेले. हेतलनं झेंडूच्या माळा आणल्या. मागच्या बंपरवर झालर करून बांधायच्या होत्या, म्हणजे चरे दिसणार नाहीत. त्या मी बांधल्या. माझ्याच हातानं, माझ्या बापाच्या कामावर. गाठ नीट बसली आहे ना हेही वाकून बघितलं.

संध्याकाळी निघाले तर पिंपळाखाली, त्या वळणावर, अण्णा बसलेले. दुपारपासून. एकटे घरी गेले असते तर आईनं विचारलं असतं. मी स्कूटी थांबवली. ओढणी तोंडावर होती. ओढणीतूनच काहीतरी पुटपुटले, अण्णा, उद्या मी बघते, असलं काहीबाही. त्यांनी या वेळी ‘तोंड सोड’ म्हटलं नाही. मागे बसले आणि म्हणाले, ‘चाल, बेन.’

मी चमकून मागे पाहिलं. रस्त्यावर ओळखीचं कुणीही नव्हतं.

तेव्हापासून मी बेन. घरातही बेन. बेन, पाणी दे. बेन, औषध आणलं का? आईला आधी हसू यायचं, मग सवय झाली. पाहुणे म्हणायचे, अण्णा पक्के गुजराती व्हई गया. माझ्या लग्नात, हो, असल्याच दिवसांत झालं माझं लग्न, पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या आणि अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘नीट ऱ्हाय, बेन.’ लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरलाय, शब्द चुकला. मी इतकी रडले की सासूबाई घाबरल्या. माहेरासाठी रडते आहे असं सगळे समजले. काय सांगणार होते मी? की त्या एका शब्दापायी रडते आहे म्हणून?

मराठीत लाज ‘वाटते’, लाज ‘जाते’, आणि लाज ‘राखतात’. परत तोच शब्द, राख. शाळेच्या ऑफिसात दुपारी काम नसतं तेव्हा मी असल्या शब्दांशी खेळत बसते आणि मग स्वतःचाच राग येतो. कारण हिशोब सरळ आहे. अण्णांनी शेठपुढे माझी लाज राखली. चहावाल्याकडे आपल्याला कुणी पाठवलं, हे सांगायला त्यांना एक क्षण पुरला असता. त्यांनी सांगितलं नाही. आणि मी? मी बापाची लाज काढली, तीही परक्या भाषेत, एसीत बसून. नंतर कितीदा ठरवलं की बोलायचं. समोर बसायचं, बाही ओढायची आणि बोलायचं. पण मग वाटायचं, त्यांनी ऐकलेलंच नाही, तर आपण होऊन कशाला जखम करायची? लबाडाला कारणं मिळतात. मला दर वर्षी नवं मिळायचं.

या वर्षी दिवाळीनंतर अण्णा रिक्षाखाली येता येता वाचले. हॉर्न ऐकूच आला नाही. मग आईनं धोशा लावला, आणि परवा मी त्यांना कानाच्या मशीनच्या दुकानात घेऊन गेले. नाक्यावर पुन्हा एक वरात, धूळ, म्हणून तोंडाला ओढणी. दुकानात एक तरुण होता, हसरा, चुणचुणीत. त्यानं अण्णांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर मोठाले हेडफोन चढवले, दार लावलं आणि बाहेर येऊन माइकपुढे बसला. ‘काका, हुं बोलुं ए पाछुं बोलवानुं,’ तो म्हणाला. मी म्हणेन ते परत म्हणा.

‘पाणी.’ अण्णा आतून खणखणीत म्हणाले, ‘पाणी.’

‘बजार.’ ‘बजार.’

‘लीमडो.’ ‘लीमडो.’

मला नवलच वाटलं. कान बरे झाले की काय? तरुणानं भुवया उंचावल्या, मग समोरच्या पेटीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. ‘अरे, माइक तो बंध छे!’

माइक बंद होता. आत काहीच ऐकू जात नव्हतं.

तो माझ्याकडे वळून हसला. ‘लूममां हता ने काका? लूमवाळा बधा एवा. कान जाय एटले होठ वांचतां शीखी जाय. काचनी पेली बाजुथी पण बधुं वांची ले.’ कान गेले की ओठ वाचायला शिकतात. काचेच्या पलीकडूनही सगळं वाचतात. म्हणून परीक्षा घेताना तोंडापुढे कागद धरावा लागतो, आज तो विसरला होता. त्यानं कागद धरला, माइक चालू केला. ‘पाणी,’ तो म्हणाला. अण्णा गप्प. ‘बजार.’ अण्णा गप्प, ओशाळं हसत.

तोंड सोड, मंग बोल. समोर उभी राहून बोलणारी आई. पाठ करून ओरडलेला एक शब्द. आणि शेठच्या खांद्यावरून, काचेतून, सरळ माझ्या तोंडाकडे बघणारे अण्णा. ‘बेनले काही म्हाईत नही.’ बंद दाराआड शेठनी मला विचारलेलं त्यांना कळलं कसं, हा साधा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही. पडू दिला नाही मी. त्यांनी नजर खाली केली होती ती बंपर बघायला नव्हे. ओठ वाचणाऱ्याला ऐकणं थांबवायचं तर तेवढं एकच करता येतं.

तरुणानं कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. ‘बेन, फॉर्ममां लखवानुं छे. काका तमारा शुं थाय?’

शब्द तेच. काचही तशीच, काचेपलीकडे माणूसही तोच. दुकानात चार-पाच माणसं बसली होती. मी त्या तरुणाकडे पाहिलं नाही. काचेपुढे जाऊन उभी राहिले आणि तोंडावरची ओढणी सोडली.

‘मना बाप शेतस,’ मी म्हणाले. अहिराणीत, आणि इतक्या मोठ्यानं की अख्ख्या दुकानानं वळून पाहिलं. घराबाहेर ती भाषा मी कितीतरी वर्षांनी बोलत होते. ‘त्या दिनले तुमले राख आणाले मीच धाडं, अण्णा. माले माहीत व्हतं. बठ्ठं माहीत व्हतं.’

अण्णा बघत राहिले. मी वाट बघत होते, आता नजर खाली जाईल म्हणून. गेली नाही. त्यांनी हळूच हेडफोन काढले, मांडीवर ठेवले, आणि बहिऱ्या माणसाच्या त्याच चढ्या आवाजात, काचेतूनही ऐकू येईल असे म्हणाले,

‘मशीन कसाले पायजे व माय? माले बठ्ठं ऐकू येस.’